कोंबसाहेबांची खुर्ची

आमच्या वेरळी गावात कुणी मोठी थाप मारली की ऐकणारा हसून म्हणतो, "ही काय, साहेबाची खुर्ची!" बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. कळावं तरी कसं? ही म्हण माझ्या वडिलांनी गावाला दिली आहे, आणि तीही अजिबात इच्छा नसताना.

माझे वडील म्हणजे आप्पा मेस्त्री. वय एकोणनव्वद, हाडाचे सुतार. त्यांची एक गोष्ट आहे. इंग्रजांच्या काळी आमच्या भागात विदरकोम नावाचा एक न्यायाधीश होता. गावाच्या तोंडात त्याचा कोंबसाहेब झाला. या साहेबाला बसण्याच्या जागी गळवं व्हायची. धड बसता येईना, त्यामुळे तो उभ्यानेच खटले चालवायचा आणि पाय दुखले की कोर्ट तहकूब करायचा. तेव्हा आप्पांच्या पणजोबांनी, राघो सुतारांनी, त्याला मधोमध खळगा असलेली खुर्ची करून दिली. साहेब बसला, तुंबलेले खटले निघाले, आणि जाताना तो खुर्ची बरोबर विलायतेला घेऊन गेला. झाली गोष्ट.

गावात या गोष्टीवर कुणाचाही विश्वास नव्हता. शेजारचे बंडूकाका तर आप्पांचे बालमित्र, पण गेली सत्तर वर्षं पडवीत येऊन पहिला प्रश्न हाच, "काय रे, खुर्ची कुठपर्यंत आली?" आप्पा हसायचे. पण मी त्यांची मुलगी आहे. ते हसताना रंधा जरा जोरात चालायचा, हे मला दिसायचं.

तर गेल्या वर्षी माझी लेक मधुरा, जी नवऱ्यासह इंग्लंडात मिल्टन कीन्सला असते आणि कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करते, तिने इंटरनेटवर एक फोटो शोधून पाठवला. इंग्लंडातल्या एका जुन्या घराचं म्युझियम झालंय. घर सर लायनेल विदरकोम यांचं. न्यायाधीश, राजदूत आणि कलांचे आश्रयदाते. आणि एका खोलीच्या कोपऱ्यात, फुलदाणीच्या मागे अर्धी झाकलेली, एक खुर्ची.

मी तिकीट काढलं. आप्पांना सांगितलं, लेकीकडे चाललेय, हवापालट. खुर्चीचं अवाक्षर काढलं नाही. मनाशी ठरवलं होतं, ती आपली नसेल तर हा विषय तिथेच पुरायचा. एकोणनव्वदाव्या वर्षी माणसाची गोष्ट काढून घेऊन करायचं काय?

मिल्टन कीन्स

या गावात गोल चौक इतके आहेत की पहिल्या दिवशी मला वाटलं, जावई रस्ता चुकलाय आणि लाजेखातर सांगत नाहीये. एक गोल, सरळ रस्ता, पुन्हा गोल. माणूस मात्र रस्त्यावर दिसेल तर शपथ! सगळे गाड्यांत. चालणाऱ्यांसाठी वेगळ्या लाल वाटा केल्यात, त्यांना रेडवे म्हणतात. त्या वाटेवर मी सकाळी ऐसपैस मधून चालत होते, तर मागून सायकलवाला घंटी वाजवत आला, मी दचकून झुडपात गेले, आणि तो मला 'सॉरी' म्हणाला. झुडपात मी, सॉरी त्याचं! आमच्या रत्नागिरीला सायकलवाल्याने वर मलाच विचारलं असतं, "आजी, डोळे घरी ठेवून आलात का?"

कचऱ्याचं शास्त्र शिकण्यात दोन दिवस गेले. कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा याचं कौन्सिलचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं. आम्ही चतुर्थी-एकादशी पाहतो तसं मधुरा रोज सकाळी ते पाहते. मी एकदा कांद्याची सालं चुकीच्या डब्यात टाकली तर जावई हातमोजे घालून ती परत काढायला बसला. काही बोलला नाही बिचारा, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी मधुराला लंडनमधल्या ईलिंगला काम होतं, तिकडून तिने नारळ आणि तांदळाचं पीठ आणलं. शनिवारी पहाटे उठून मी घावणे केले. साहेबाच्या घरी जायचं तर उपाशी पोटी नको. दारिद्र्याची गोष्ट नव्हे, अनुभवाची आहे. पस्तीस वर्षं जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली मी. सरकारी इमारतीत भूक लागली की काय होतं ते मला विचारा.

शनिवार, साहेबाच्या घरी

घर म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं कोर्ट, तहसील आणि शाळा एकत्र केल्यावर होईल एवढं. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर डबा उघडून आम्ही घावणे आणि चटणी खाल्ली. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याने थर्मासमधला चहा पीत आमच्याकडे कौतुकाने पाहिलं. डिकीवर जेवण्याच्या बाबतीत आमचे आणि इंग्रजांचे संस्कार अगदी जुळतात.

प्रत्येक खोलीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एकेक स्वयंसेवक बाई किंवा बुवा. सगळे निवृत्त, सगळे फुकट काम करणारे आणि सगळ्यांना साहेबाच्या घरातलं त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत. आमच्या वाट्याला मार्गरेट आल्या. पंचाहत्तरीच्या, पिटुकल्या, मोत्याची माळ. त्या इंग्रजीत भराभरा सांगायच्या, मला निम्मं कळायचं, उरलेलं मधुरा सांगायची.

साहेब एका गरीब पाद्र्याचा धाकटा मुलगा. मिसरूड फुटताच हिंदुस्थानात आला. मराठी शिकला, मोडी शिकला, पुढे न्यायाधीश झाला. खटले मराठीत ऐकायचा. मार्गरेटबाईंनी एक किस्सा सांगितला आणि माझे कान टवकारले. दोन भाऊ बांधावरच्या फणसासाठी भांडत कोर्टात आले. साहेब म्हणाला, खोड एकाचं, गरे दुसऱ्याचे आणि आठळ्या कोर्टाच्या.

"आई, आप्पाआजोबा सांगतात तीच ना गोष्ट?" मधुरा कुजबुजली.

तीच! फक्त आप्पांच्या गोष्टीत पुढे आणखी आहे. भाऊ अपिलात गेले, तोवर झाड वादळात पडलं, लाकूड कोर्टात जमा झालं आणि राघो सुतारांनी खुर्ची केली ती त्याच लाकडाची. म्हणजे साहेबाने चक्क मुद्देमालाची खुर्ची करून घेतली. रेकॉर्ड रूमची बाई म्हणून मला हे कधीच पटलेलं नाही, पण ते असो.

पुढच्या खोलीत साहेब राजदूत झाला. पूर्वेकडच्या कुठल्याशा सुलतानाच्या दरबारात राणीचा वकील म्हणून गेला, तह केला, आणि येताना तलवारी, रेशीम आणि शिव्या देणारा एक पोपट घेऊन आला. पोपट पेंढा भरून अजून तिथे आहे. आता गप्प असतो.

त्यापुढच्या खोल्यांत साहेब रसिक झाला. पेन्शनीत आलेल्या माणसाला काहीतरी लागतंच, आमच्या कोर्टाचे नाझर निवृत्तीनंतर पेटी शिकले. साहेबाने चित्रकार पोसले. एक चित्रकार या घरात महिनोन् महिने फुकट जेवला आणि त्याने साहेबाच्या कुत्र्यांखेरीज काही काढलं नाही. भिंतभर कुत्रे. प्रत्येक चित्राखाली पाटी, पाटीवर चित्रकाराचं नाव आणि कुत्र्याचंही नाव. मी सगळी वाचली. त्यातल्या एका कुत्र्याला तर आडनावसुद्धा होतं.

आणि मग शेवटच्या खोलीत, दोरीच्या पलीकडे, ती.

रुंद हात, पुढे वळलेले पाय, पाठीवर कोरलेली वेल. बैठकीवर गादी नाही, नुसतं लाकूड, आणि मधोमध खळगा. त्या खळग्यात ठेवलेला एक वाळलेला काटेरी बोंडांचा तुरा.  मी आधी पाटी वाचली. 'समारंभाचे आसन, पूर्वेकडील सुलतानाच्या दरबारातून. कारागीर अज्ञात.'

"ते काटे कशाला?" मी विचारलं. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असतील.

मार्गरेटबाई हसल्या. कुणी बसू नये म्हणून. 'बसू नका' असं लिहिणं उद्धटपणाचं दिसतं, म्हणून इकडे प्रत्येक खुर्चीवर काटे ठेवतात. वा रे सभ्यता!

"आणि मधला खळगा," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याला बहुधा धार्मिक महत्त्व असावं."

मधुराने भाषांतर केलं आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. धार्मिक महत्त्व! कोंबसाहेबाच्या गळवांना! मी दोरीला धरून हसत होते, मार्गरेटबाई भांबावून मधुराकडे बघत होत्या, मधुरा छताकडे. आणि हसता हसता एकदम माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुत्र्याला आडनाव आहे हो, आणि आमचा राघो सुतार अज्ञात!

मग मी जे केलं ते माझ्या लेखी अगदी सरळ होतं. आप्पांनी मला लहानपणीच शिकवलंय, आपला माणूस सही खाली करतो. पाहुणा खुर्ची वरून बघतो, दुरुस्तीला येणारा खालून बघतो, आणि ओळख त्यालाच पाहिजे. आमच्या घराण्याची खूण म्हणजे वाकस, लाकूड तासायचं आमचं हत्यार, आणि त्याच्या दांड्यावर दोन खाचा. जुन्या कागदांत अशा खुणा मी ढिगाने पाहिल्यात. ज्याला लिहिता येत नाही तो आपलं हत्यार काढायचा. कुणब्याचा नांगर, शिंप्याची कातर, सुताराचा वाकस. तर खुर्ची आपली असेल तर खूण बैठकीच्या खाली असणार. म्हणून मी पदर खोचला आणि जमिनीवर उताणी झोपले.

"आई!" मधुरा किंचाळली. "ऊठ, लोक बघतायत!"

दोरीच्या आत हात घालायचा नाही असं लिहिलं होतं. डोकं घालायचं नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी सरकत डोकं आत नेलं. पण खाली काय, तर बैठकीच्या बुडाला मागाहून ठोकलेलं जाड कापड! काही दिसेना. तेवढ्यात मार्गरेटबाईंनी वॉकीटॉकीवर कुणाला तरी सांगितलं की एक वयस्कर बाई कोसळल्या आहेत. धावपळ झाली, प्रथमोपचाराची हिरवी पिशवी घेऊन एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसली आणि माझं मनगट धरलं. ओळखपत्रावर नाव, कीर्ती.

"अगं मधुरा, हिला सांग मला काही झालेलं नाही," मी खुर्चीखालून ओरडले.

"मावशी?" ती मुलगी म्हणाली. "तुम्ही मराठी? तुम्हाला चक्कर आला का? तुमची डोकं कुठे लागली?"

मी तिथेच, उताणी, हात जोडले. कीर्ती इल्फर्डला जन्मलेली. आजोबा खेडहून आलेले, बाबासाहेबांच्या विचारांचे पक्के, आणि घरात मराठी बोललीच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. ती या घरातल्या जुन्या वस्तूंची निगा राखण्याच्या विभागात होती. नशीब म्हणतात ते हेच. मला उठवून, पाणी पाजून, तिने सगळं ऐकून घेतलं. गळवांपाशी तिच्याही हसण्याचा बांध फुटला.

"मावशी, पण आय कान्ट जस्ट टर्न इट ओव्हर," ती म्हणाली. "परमिशन लागते. ट्यूजडेला हाऊस बंद असतं, आम्ही क्लीनिंग करतो. मी क्युरेटरला विचारते. पण खाली काही नसेल तर?"

"तर मी तुला घावणे खायला घालीन आणि गप्प घरी जाईन."

तिने काटेरी तुरा नीट सरळ केला. "आजोबा म्हणायचे, आपलं नाव आपण नोंदवायचं, दुसरा कुणी येऊन नोंदवणार नाही," ती म्हणाली. "मी विचारतेच."

कॅफेत मधुराने मला स्कोन खाऊ घातला. बिस्किट आणि पाव यांचं भांडण मिटलं नाही की असा पदार्थ होतो. वर जॅम, त्यावर साय. साय मात्र अव्वल. मधुरा म्हणाली, "आई, तू पुढच्या वेळी झोपणार असलीस तर आधी सांगत जा."

मंगळवार

मधले दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. रोज संध्याकाळी आप्पांचा फोन. "शालू, थंडी आहे का? मोजे घालतेस का?" आणि मागून बंडूकाकांचा आवाज, "अगो, खुर्ची दिसली काय गो तिकडे?" मी म्हणायचे, नाही हो काका, आणि विषय बदलायचे. खाली नुसतं लाकूड निघालं तर? गोष्टीतला खळगा जुळतोय, फणस जुळतोय, पण पस्तीस वर्षं कोर्टात काढलेली बाई मी. ऐकीव पुरावा म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मंगळवारी कीर्ती, क्युरेटरबाई, मी आणि मधुरा. मार्गरेटबाई सुट्टी असून मुद्दाम आल्या होत्या, वर मला केक आणला होता. हातमोजे घालून कीर्ती आणि क्युरेटरबाईंनी खुर्ची उचलली आणि गादीवर आडवी केली. कीर्तीने एकेक बारीक खिळा काढायला घेतला. मी देवाचं नाव घेत होते की काय, आठवत नाही. मधुराने माझा हात धरला होता.

कापड सुटलं. पिवळसर, जुन्या मधाच्या रंगाचं लाकूड. फणसच! आणि खळग्याच्या पाठीला, हाताच्या तळव्याएवढा, कोरलेला वाकस. दांड्यावर दोन खाचा.

मी रडले. सरळ सांगते, हमसून रडले. क्युरेटरबाईंना टिश्यू कुठे ठेवलेत ते आठवेना.

"मावशी, थांबा," कीर्ती टॉर्च जवळ नेत म्हणाली. "इथे काहीतरी लिहिलंय. कापड लावायच्या आधीची एक जुनी लिस्ट मला काल मिळाली, त्यात हे आहे, 'अरेबिक इन्स्क्रिप्शन, अनरेड'. म्हणून तर सगळ्यांना वाटलं सुलतानाचं आहे."

मी चष्मा पुसला. खुणेच्या शेजारी काळ्या शाईत दोन ओळी. कुठली अरबी आणि कुठलं काय! मोडी होती ती. अक्षर परक्याचं, एकेक पाऊल जपून टाकल्यासारखं, पण मोडी. रेकॉर्ड रूममध्ये पहिल्या वर्षी मला शिक्षा म्हणून मोडीचे गठ्ठे दिले होते. ती शिक्षा त्या दिवशी फळली. मी मोठ्याने वाचलं.

"निशाणी वाकस, राघो बिन सखो सुतार, मौजे वेरळी, याची. समक्ष. दस्तुर लायनेल विदरकोम."

मधुराने विचारलं, म्हणजे काय? मी डोळे पुसून सांगितलं. अगं, कोर्टात हेच करतात. ज्याला लिहिता येत नाही तो खूण करतो, आणि लिहिता येणारा शेजारी लिहितो की ही खूण अमक्याची, माझ्यासमोर केली. नाहीतर ती खूण कागदावर टिकत नाही. साहेबाने खुर्ची उलटी करून, न्यायाधीशासारखी, राघो सुतारांची सही साक्षांकित केली होती. नंतरच्या कुणीतरी त्यावर कापड ठोकलं आणि वर काटे ठेवले.

क्युरेटरबाईंनी कीर्तीकडून टॉर्च घेऊन दोन्ही ओळी स्वतः पाहिल्या. मग म्हणाल्या, पाटी बदलावी लागेल. आणि मार्गरेटबाईंनी हळूच विचारलं, "मग तो खळगा?" मधुराने इंग्रजीत खरं काय ते सांगितलं. मार्गरेटबाईंनी मोत्यांची माळ धरली आणि इतक्या हसल्या की त्यांनाच बसायला खुर्ची द्यावी लागली. बिनकाट्याची.

दुपार होती, म्हणजे वेरळीत दिवेलागण. मी व्हिडिओ कॉल लावला. आप्पा पडवीत, शेजारी बंडूकाका.

"आप्पा, बघा." मी फोन खुर्चीवर धरला.

आप्पांनी पडद्याला नाक लावलं. मग म्हणाले, "डाव्या हाताकडे ने. आणखी जवळ. सांध्याकडे." मी नेला. "हं. खुंटी तिरकी मारलीय. आमच्याकडे तशीच मारतात." मग खळगा पाहिला, मग खूण पाहिली. मग मी वाचून दाखवलं. दोनदा. 

"बंड्या," आप्पा फोन पुढे करत म्हणाले, "बघ."

बंडूकाकांनी पाहिलं. चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. शेवटी म्हणाले, "मेल्या, मग आता मी तुला रोज काय विचारू?" आणि उठून चपला न घालता घरी निघाले, गावाला सांगायला.

आप्पांनी ते जाईपर्यंत वाट पाहिली. फाटकाचा आवाज ऐकला. मग फोन तोंडाजवळ घेतला.

"शालू, बंड्या गेला म्हणून सांगतो. माझ्या बापाने मला सांगितलं, त्याला त्याच्या बापाने. मी आयुष्यभर सांगत राहिलो. पण खरं सांगू? मला स्वतःला कधी खात्री नव्हती गो."

 कीर्तीने तोंड वळवलं. पडद्यावर आप्पा डोळे पुसत होते, मग चष्मा लावून पुन्हा बघायला लागले.

"आणि ते काय ठेवलंय बाजूला? काटे?"

"कुणी बसू नये म्हणून, आप्पा."

"बसू नये म्हणून?" आप्पा भडकले. "त्याला बसता येत नव्हतं म्हणून केली ना ती? त्यांना सांग, काटे काढा. आणि कुणाला गळू झालं तर बसू दे हो त्याला."